हेलपाटा वाचतो का? सांगली-साताऱ्याच्या पक्षकारासाठी ई-कोर्ट्स, नक्कल विभाग आणि विधी सेवेची पारख

जतहून सांगलीला विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात यायचं म्हणजे एका बाजूनं 80 ते 90 किलोमीटर. दहिवडीहून साताऱ्याला 65 च्या आसपास. पहिली एसटी पकडायची, दिवसाचा रोजगार सोडायचा, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात थांबायचं आणि दुपारी कळायचं की साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या. न्यायालयाच्या सेवांची पारख करताना आम्ही एकच माप लावलं आहे: या सेवेनं पक्षकाराचा हेलपाटा वाचतो का? इमारत किती नवी, संगणक किती, हे सगळं त्यानंतर.

सुरुवात ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या मोबाइल अॅपपासून, कारण ते फुकट आहे आणि हातातल्या फोनवर चालतं. ई-कोर्ट्स प्रकल्पाचा पहिला टप्पा 2007 मध्ये सुरू झाला. तिसऱ्या टप्प्याला केंद्रानं 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर केले. त्यातून सामान्य माणसाच्या वाट्याला आलेली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. हा 16 अक्षर-अंकांचा असतो: पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन अंक न्यायालयाचे, सहा अंक प्रकरणाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. समन्सवर किंवा नोटिशीवर तो छापलेला असतो. नसेल तर वकिलांकडून किंवा त्यांच्या कारकुनाकडून लिहून घ्यावा. दावा क्रमांक बदलू शकतो, कोर्ट बदलू शकतं, पण सीएनआर असला की प्रकरण लगेच सापडतं.

सीएनआर नसेल तर शोध घेताना माणसं तीन ठिकाणी अडतात. एक, दाखल क्रमांक आणि नोंदणी क्रमांक वेगळे असतात. दावा दाखल करताना मिळालेल्या पावतीवरचा आकडा नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात टाकला तर काहीच दिसत नाही, किंवा भलत्याचाच दावा उघडतो. दोन, न्यायालय संकुल चुकीचं निवडलं जातं. इस्लामपूर, विटा, कराड, वडूज इथल्या प्रकरणांसाठी त्या-त्या गावचं संकुल निवडावं लागतं, नुसता जिल्हा निवडून भागत नाही. तीन, नावाचं स्पेलिंग. नावं रोमन लिपीत भरलेली असतात आणि भरणाऱ्यानं ‘जाधव’ कसं लिहिलं हे बाहेरून कळायला मार्ग नाही. अशा वेळी आडनाव सोडून पहिल्या नावाची तीन-चार अक्षरं आणि वर्ष टाकावं. अपिलाच्या बाबतीत मूळ दाव्याचा नव्हे, अपिलाचा सीएनआर लागतो. तो वेगळा असतो.

प्रकरण सापडलं की ते ‘माय केसेस’मध्ये जतन करावं. ही यादी फोनमध्येच राहते, म्हणून फोन बदलण्याआधी अॅपमधूनच तिची प्रत काढून ठेवावी, नाहीतर सगळं पुन्हा शोधत बसावं लागतं. यादी उघडल्यावर आधी ताजी करून घ्यायची. तसं केलं नाही तर जुनीच तारीख समोर राहते.

आता खरी वाचायची गोष्ट. बहुतेक पक्षकार फक्त पुढची तारीख पाहतात. तारखेपुढे लिहिलेला हेतू त्याहून महत्त्वाचा असतो. ‘स्टेप्स’ लिहिलं असेल तर कोर्ट तुमच्या बाजूकडून काहीतरी होण्याची वाट पाहत आहे: प्रोसेस फी (समन्स-नोटीस बजावण्याची फी) भरायची आहे, प्रतिवादीचा नवा पत्ता द्यायचा आहे, मयत पक्षकाराचे वारस रेकॉर्डवर आणायचे आहेत. ते होत नाही तोवर तारखा पडत राहतील, आणि एक दिवस दावा त्याच कारणानं काढून टाकला जाईल. ‘अनरेडी बोर्ड’ म्हणजे प्रकरण अजून चालण्याजोगं झालेलं नाही. ‘से’ म्हणजे एखाद्या अर्जावर समोरच्याचं म्हणणं यायचं आहे. अपिलात ‘आर अँड पी’ची वाट असं दिसलं तर खालच्या कोर्टाचे कागद अजून आलेले नाहीत, त्या तारखेला युक्तिवाद होणार नाही. ‘पुरावा’ किंवा ‘उलटतपास’ असेल तर मात्र साक्षीदारासह हजर राहिलंच पाहिजे. ज्याला हे चार-पाच शब्द वाचता येतात, तो वर्षातल्या निम्म्या तारखांना जायचं की नाही हे वकिलांना योग्य प्रश्न विचारून ठरवू शकतो. फौजदारी प्रकरणातल्या आरोपीनं हा विचार मनानं करू नये. वकिलांनी गैरहजेरी माफीचा अर्ज दिल्याशिवाय घरी राहिलं तर वॉरंट निघतं.

मागच्या प्रत्येक तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशीचं कामकाज उघडतं. हा रोजनाम्याचा, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदवहीचा सारांश. इथेच अॅपची मर्यादा आहे आणि ती अॅपची नाही. पडद्यावर जे दिसतं ते संध्याकाळी कोर्टातल्या कारकुनानं भरलेलं असतं. ‘वादीतर्फे अर्ज निशाणी 34 दाखल, प्रतिवादीस म्हणणे देण्यास हुकूम’ अशी नोंद असेल (निशाणी म्हणजे कोर्टानं कागदाला दिलेला क्रमांक) तर गावी बसलेल्या माणसाला सगळं कळतं. नुसतं ‘तहकूब’ असेल तर काहीच कळत नाही: कुणी तहकुबी मागितली, का मागितली, दंड बसला का? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 प्रमाणे सुनावणी चालू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत असा दंडक आहे. तो पाळला जातो की नाही हे तपासायला पक्षकाराकडे या नोंदीशिवाय दुसरं साधन नाही. ज्या कोर्टाची नोंद त्याच दिवशी आणि पूर्ण वाक्यात होते, तिथं ही सेवा पाचपैकी साडेचार गुणांची आहे. जिथं दोन-तीन दिवसांनी एका शब्दात होते, तिथं दोन. नवं यंत्र घेण्याआधी या एका कामासाठी माणूस आणि वेळ मिळावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. एक कारकून सही-शिक्के, नक्कल आणि पुकारा सांभाळून साठ-सत्तर प्रकरणांच्या नोंदी संध्याकाळी भरणार असेल, तर त्या एकशब्दीच होणार.

स्मार्टफोन नसलेल्यांसाठी एसएमएसची सोय आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. इंग्रजी लिपीत ई, सी, ओ, यू, आर, टी, एस ही सात अक्षरं सलग लिहायची, एक जागा सोडायची, सीएनआर टाकायचा आणि 9766899899 वर पाठवायचं. उत्तरात प्रकरणाची सद्यःस्थिती येते. साध्या बटणांच्या फोनवरही हे जमतं.

ई-सेवा केंद्र ही न्यायालयाच्या आवारातली खिडकी. प्रकरणाची स्थिती, पुढची तारीख, नकलेचा अर्ज, ई-फायलिंगसाठी स्कॅनिंग, ऑनलाइन कोर्ट फी, कारागृहातल्या नातेवाइकाशी ई-मुलाकात (व्हिडिओवरची भेट) ठरवणं, न्यायाधीश रजेवर आहेत का याची माहिती, ही सगळी कामं या केंद्रांना नेमून दिलेली आहेत. कळंबा कारागृहात असलेल्या माणसाच्या आई-वडिलांना खटावहून कोल्हापूर गाठण्याऐवजी ई-मुलाकात लावता येते, हे एवढंसुद्धा अनेकांपर्यंत पोहोचलेलं नाही. जाताना आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल आणि सीएनआर सोबत ठेवावा. मोबाइल क्रमांक बदललेला असेल तर आधारवरची ई-सही होत नाही आणि तिथूनच परतावं लागतं.

ई-फायलिंग स्वतः करणाऱ्यांसाठी सूचना एवढीच: मोबाइलवर काढलेले तिरके, सावली पडलेले फोटो एकत्र करून पाठवू नयेत. सातबारा, फेरफार, खरेदीखत सरळ स्कॅन करावं, पानांना सलग क्रमांक द्यावेत, शपथपत्र आणि वकीलपत्राची सही राहिली नाही हे पाहावं. त्रुटी निघाली की अर्ज परत येतो आणि मुदत संपत आलेली असेल तर तो उशीर अंगावर येतो.

आता नक्कल विभाग, कारण सर्वांत जास्त नुकसान इथं होतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. ई-कोर्ट्सवर दिसणारी निकालाची पीडीएफ वाचायला ठीक आहे. अपील, फेरफार, बँक, भूमी अभिलेख, कुठेही कागद जोडायचा असेल तर खरी नक्कलच, म्हणजे कोर्टाच्या सही-शिक्क्याची प्रतच लागते. अर्जात दावा क्रमांक, पक्षकारांची नावं, हव्या असलेल्या कागदाची निशाणी आणि तारीख अचूक लिहायची. ‘सर्व कागदपत्रे’ असं मोघम लिहिलेला अर्ज पडून राहतो. निकाल हवा असेल तर न्यायनिर्णय (कारणांसह निकालपत्र) आणि हुकूमनामा (निकालाचा अंतिम आदेश) दोन्हींचा उल्लेख करावा, कारण हे दोन वेगळे कागद आहेत. एकाचीच नक्कल मागितली म्हणून दुसऱ्यासाठी परत यावं लागणारी माणसं रोज दिसतात. प्रकरण जुनं असेल तर फाइल रेकॉर्ड रूमला गेलेली असते. तेव्हा निकालाची तारीख सांगितली की शोध लवकर लागतो. दाव्यात पक्षकार नसलेल्या माणसाला कारण दाखवून शपथपत्रासह अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

नकलेच्या शेवटच्या पानावर मागे एक शिक्का असतो. त्यावर तीन तारखा: अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची, नक्कल दिल्याची. हा शिक्का सोन्यासारखा जपावा. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवस. मुदत कायदा 1963 च्या कलम 12 प्रमाणे नक्कल मिळवायला लागलेला काळ त्यातून वजा होतो. पण कोणता काळ? समजा निकाल 1 जुलैचा, नकलेचा अर्ज 5 जुलैला, नक्कल 19 जुलैला तयार आणि पक्षकारानं ती नेली 28 जुलैला. निकालाचा दिवस सोडून 30 दिवस 31 जुलैला संपतात. 5 ते 19 जुलै हे 15 दिवस वाढून मिळतात, म्हणजे मुदत 15 ऑगस्ट. त्या दिवशी सुट्टी, म्हणून कोर्ट उघडेल त्या पहिल्या दिवशी दाखल करता येतं. 19 ते 28 जुलै हे नऊ दिवस मात्र पक्षकाराच्या खात्यातून गेले, कारण तयार झालेली नक्कल न नेणं ही कोर्टाची दिरंगाई धरली जात नाही. अर्जाआधीचे 1 ते 5 जुलै हेही गेलेच. त्यामुळे निकाल लागला त्याच दिवशी अर्ज टाकायचा आणि ‘तयार’ कधी होते यावर नजर ठेवायची. नक्कल तयार झाली की पक्षकाराच्या मोबाइलवर संदेश जावा, एवढी एक सुधारणा झाली तर विलंब माफीचे कितीतरी अर्ज मुळातच लागणार नाहीत. नोटीस बोर्डावर लावलेली क्रमांकांची यादी शिराळ्याच्या माणसाच्या काय कामाची?

विधी सेवेकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीकडे वळू. जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती, अशी रचना विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नं घालून दिली आहे. राष्ट्रीय मदत क्रमांक 15100. कलम 12 प्रमाणे स्त्रिया, बालकं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती, आपत्तीग्रस्त यांना मोफत वकील मिळतो आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. कुणी विवाहितेला किंवा विधवेला ‘आधी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणा’ म्हणून परत पाठवलं तर ते चुकीचं आहे, आणि तसं नम्रपणे पण ठामपणे सांगावं. मोफत म्हणजे फक्त वकिलाची फी नव्हे. कोर्ट फी, प्रोसेस फी, टंकलेखन, नकलेचा खर्च हेही त्यात येतं. अर्जात हे सगळं मागितलं नाही तर मिळायचं राहून जातं.

या कार्यालयांचा सर्वांत कमी वापरला जाणारा भाग म्हणजे दावा लावण्याआधीचा सल्ला. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षाचा व्यापारी माल उचलतो, चेक देतो आणि चेक परत येतो. इथे सगळा खेळ दिवसांचा आहे. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून व्यापाऱ्याला पैसे द्यायला 15 दिवस. ते संपल्यावर एक महिन्याच्या आत फिर्याद. 15 दिवस संपण्याआधी घाईनं लावलेली फिर्याद टिकत नाही आणि महिना उलटल्यावर लावलेली विलंबात अडकते. व्यापारी परराज्यातला असला तरी तिकडे जायची गरज नाही. बागायतदाराचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या हद्दीतल्या कोर्टात खटला चालतो. बँकेचा परतीचा मेमो, नोटिशीची स्थळप्रत, पोस्टाची पावती आणि पोहोच हे चार कागद एका पाकिटात ठेवले की अर्धं काम झालं. नोटीस पाठवली पण पोहोच जपली नाही, या एका कारणानं चांगली प्रकरणं कमकुवत होतात.

बांधाचं, वहिवाटीच्या रस्त्याचं भांडण असेल तर विधी सेवा कार्यालयात हेही विचारावं की हे दिवाणी कोर्टाचं काम आहे की तहसीलदारांचं. रस्ता अडवल्यावर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो. सहा महिने गावकीच्या बैठकांत गेले की तो जवळचा मार्ग बंद होतो.

लोकअदालत वर्षातून चार वेळा राष्ट्रीय पातळीवर भरते. तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ येतं आणि त्यावर अपील नसतं. अपील नसतं म्हणूनच तडजोडीचा मजकूर जीव लावून लिहिला पाहिजे, आणि तिथेच घाई होते. ‘प्रतिवादीने रक्कम हप्त्याने द्यावी’ हे वाक्य पुढे दरखास्तीत, म्हणजे निवाड्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात, काही कामाचं नाही. ‘1,80,000 रुपये, दरमहा 15,000 प्रमाणे 12 हप्ते, प्रत्येक महिन्याच्या 10 तारखेपर्यंत वादीच्या अमुक खात्यात, सलग दोन हप्ते चुकल्यास उरलेली सर्व रक्कम एकदम वसुलीस पात्र’ असं लिहिलं तर वसुलीच्या वेळी वादाला जागा उरत नाही. वाटपाच्या तडजोडीत गट नंबर, क्षेत्र, कुणाला कोणत्या दिशेची बाजू, चतुःसीमा, विहीर आणि पाइपलाइनचा हिस्सा, जाण्या-येण्याची वाट, सगळं लिहावं. सोबत हात-नकाशा जोडून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. ‘निम्मा निम्मा’ एवढंच लिहिलेली तडजोड तलाठ्याकडे आणि मोजणीला अडते, आणि भाऊ पुन्हा कोर्टाच्या दारात येतात. प्रकरण लोकअदालतीत ठेवायचं असेल तर किमान तीन-चार आठवडे आधी अर्ज द्यावा, म्हणजे समोरच्याला नोटीस पोहोचायला वेळ मिळतो. पॅनेलपुढे तडजोडीसाठी दबाव येत असेल तर नाही म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे. प्रकरण जसं होतं तसं मूळ कोर्टात परत जातं, बाजू कमकुवत होत नाही.

वरच्या कोर्टाचा विचार केला तर 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. सांगलीकरांसाठी मुंबईचा मुक्काम संपून हा सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचा प्रवास झाला. हेलपाट्याच्या मापानं पाहिलं तर कित्येक वर्षांतली ही सर्वांत मोठी सुधारणा. मुंबईत दाखल असलेलं जुनं प्रकरण आता कुठे चालतं हे मात्र गृहीत धरू नये. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरण क्रमांक टाकून खात्री करावी आणि मगच गाडीत बसावं.

तारखेला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी अॅपवर त्या कोर्टाचं दुसऱ्या दिवसाचं बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी उघडावी. दिवाणी आणि फौजदारी बोर्ड वेगवेगळं असतं, दोन्ही पाहावीत. आपला अनुक्रमांक सापडला तर तो वकिलांना कळवावा. सापडला नाही तर एसटीचा पास काढण्याआधी वकिलांच्या कारकुनाला एक फोन करावा.